मधल्या रांगेची वही

परवा शाळेची स्मरणिका पोस्टानं आली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि मधली दोन पानं भरून आजी-माजी शिक्षकांची नावं. चष्मा पुसून मी ती यादी दोनदा वाचली. जेमतेम पाच महिने रजेच्या जागी येऊन गेलेल्या चित्रकलेच्या बाई यादीत आहेत. घंटा देणारा शिपाई आहे, आणि तो असायलाच हवा. एकोणीस वर्षं इतिहास शिकवणारे सर मात्र नाहीत. समोरच्या पानावर शाळेच्या सभागृहाच्या कोनशिलेचा फोटो आहे. त्या वेळचे अध्यक्ष आणि त्या वेळचे कार्यवाह, दोघांची नावं एका ओळीत, सारख्या अक्षरात. खाली छापलंय, ‘सलोख्याचं प्रतीक’.

सलोखा! माझं डोकंच फिरलं. ही कोनशिला कुणाला गाडून उभी राहिली ते मला माहीत आहे. माहीत असून मी तेव्हा गप्प बसले, म्हणून तर आज चीड जास्त येते. डॉक्टर म्हणतात, या वयात चिडू नका. त्यांना आमची शाळा माहीत नाही.

मी मुलुंडच्या त्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले ते ऐंशी साल उलटल्यावर. शाळेत दहा-बारा सर होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की ते इतिहासाचेच. कोकणातून लहानपणी मुंबईत आलेले, राहायला कांजूरमार्गला, बुटके, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ.

माझा पहिला दिवस. दुपारच्या सत्राची घंटा व्हायची होती आणि माझं घड्याळ घरी राहिलं होतं. मी त्यांना वेळ विचारली. त्यांनी डावं मनगट वर केलं. “मॉस्कोत अकरा वाजलेत.” मग उजवं. “वॉशिंग्टनला पहाटेचे तीन. झोपलेत सगळे. निदान असं दाखवतायत.”

“आणि इथे, सर?”

“इथलं शिपायाला विचारा. आपली वेळ सांगायला शाळेत घंटा आहे बाई, त्यांची वेळ कोण सांगणार?”

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. वर्षातून दोनदा ते लोक आपली घड्याळं तासभर मागे-पुढे करतात, तेव्हा सरही स्टाफरूममध्ये बसून गंभीरपणे काटे फिरवायचे. त्यामुळे वर्गावर जायला त्यांना हटकून उशीर व्हायचा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मस्टरवर लाल शेरा मारायच्या आणि सर त्याखाली मुकाट सही करायचे.

शर्टाच्या खिशात लाल खडू, पँटच्या खिशात निळा. पांढरा खडू ते वापरत नसत, म्हणायचे, तो निकाल लावायला असतो, आपल्याला अजून निकाल माहीत नाही. फळ्यावर जगाचा नकाशा ते हातानं काढत, पुस्तकात न बघता. भारत मात्र जरा मोठाच यायचा. मुलं ओरडायची, “सर, श्रीलंका राहिली!” मग श्रीलंका यायची.

घरी त्यांच्याकडे एक जुना रेडिओ होता. त्यावर ते मॉस्कोच्या हिंदी बातम्याही ऐकत आणि अमेरिकेच्याही. एकच घटना दोघांनी कशी सांगितली ते एका जाड रजिस्टरमध्ये समोरासमोरच्या पानांवर उतरवत. दोन्ही देशांची फुकट किंवा चवली-पावलीत मिळणारी मासिकं त्यांच्याकडे येत, तीही असलीच समोरासमोर चिकटवलेली. स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं, “सर, शेवटी जिंकणार कोण हो?” की ते उखडायचे.

“कोण जिंकलं ते सगळे सांगतात. कुठे लढले ते विचारा ना! कोरियात लढले, व्हिएतनाममध्ये लढले, आत्ता अफगाणिस्तानात लढतायत. चाळीस वर्षं भांडतायत, एकदा तरी स्वतःच्या अंगणात लढले का?” आणि रागाच्या भरात गावची भाषा बाहेर यायची. “तेंका भांडूचा नाय, बाई. तेंका आमका भांडवूचा आसा.”

आणखी एक सवय सांगायला हवी. पेपर तपासून झाला की उरलेल्या प्रत्येक कोऱ्या पानावर ते तिरकी रेघ मारायचे. बोर्डाच्या पेपरांना हे सगळेच परीक्षक करतात, मागाहून कुणी उत्तर घुसडू नये म्हणून. सर पंचवीस मार्कांच्या चाचणीलाही करायचे. पट्टी लावून, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. मी हसले तर म्हणाले, “हसू नका. जागा ठेवली की माणूस नंतर शहाणपणा लिहितो. वेळेवर सुचलं तेवढंच उत्तर.”

आता त्या दोघांबद्दल. अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान होतं. कार्यवाह एका सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. शाळेनं वर्गणी काढून सभागृह बांधलं, तेव्हा कोनशिलेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून दोघांचं बिनसलं. सात वर्षं बिनसलेलंच राहिलं. सात वर्षं ती कोनशिला भिंतीत बसवून वर हिरवं कापड खिळ्यांनी ठोकलेलं होतं. दरवर्षी पंधरा ऑगस्टला आम्ही त्या हिरव्या कापडासमोर झेंडागीत म्हणायचो.

समोरासमोर ते दोघं कधी भांडले नाहीत. भेटले की नमस्कार, तब्येतीची चौकशी, जावयाची चौकशी. भांडण व्हायचं ते आमच्यात. स्टाफरूममध्ये चहाच्या दोन किटल्या यायच्या, दोन वेगळ्या टपऱ्यांतून, आणि कोण कुठल्या किटलीतला चहा घेतं यावर नजर असायची. हिंदीचे सर चुकून एकदा पलीकडच्या किटलीपाशी गेले, पुढच्या महिन्यात त्यांचा दहावीचा वर्ग गेला. माझ्या प्रयोगशाळेला बीकर आणि परीक्षानळ्या कार्यवाहांच्या ओळखीनं मिळाल्या, म्हणून अध्यक्षांच्या माणसानं कपाटाची किल्लीच दिली नाही. वर्षभर मुलांनी लिटमस कागद लाल झालेला फक्त माझ्या तोंडून ऐकला. कुणाची मुलं होती ती? भांडुपच्या, नाहूरच्या चाळींतली. गिरण्यांचा संप होऊन बाप घरी बसलेली मुलं होती त्यांत. त्यांचा या दगडाशी काय संबंध? मला तेव्हाही संताप यायचा, पण मी तो डब्याबरोबर घरी न्यायचे.

सरांना दोन्हीकडून बोलावणी आली. दोघांनीही सुपरवायझर करतो म्हणून सांगितलं. सरांचं उत्तर दोन्हीकडे एकच. “दोन्ही किटल्या एकात ओता, मग कपभर घेईन.” तेव्हापासून ते घरून पितळी फिरकीचा तांब्या आणायचे आणि पाणी प्यायचे.

मराठीच्या बाई मला म्हणाल्या, “अगं, त्यांच्याशी फार बोलत जाऊ नकोस. अजून कायम व्हायचीयस तू. वाट लागेल.” खरंच होतं. माझी प्रोबेशनची दोन वर्षं त्या जूनमध्ये संपायची होती आणि कायम झाल्याच्या कागदावर दोघांच्याही सह्या लागत होत्या.

नववीच्या पुस्तकात शेवटी दीड पानाचा धडा होता, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि रशिया यांच्यात चाललेल्या शीतयुद्धाचा. इतर शाळांत तो धडा ‘वाचून या’ म्हणून सोडून देत. सर त्याला आठवडा द्यायचे. त्या वर्षी माझा तास मोकळा होता, म्हणून मी जाऊन बसले. मागच्या बाकावर, मधल्या रांगेत.

वर्गात बाकांच्या तीन रांगा. खिडकीकडची रांग रशिया, भिंतीकडची अमेरिका. दोघांनी आपापली बाजू मांडायची, अण्वस्त्रं का केली, बर्लिनची भिंत का बांधली, दुसऱ्याच्या देशात सैन्य का घातलं. उत्तर सुचलं नाही तर समोरच्यावर खडूचा तुकडा मारायची मुभा, पण जागेवरून उठायचं नाही. तुकडे सरांनी वर्षभर एका बिस्किटाच्या डब्यात जमवलेले. आणि मधली रांग? “तुम्ही बोलायचं नाही,” सर म्हणाले. “तुम्ही बाकीचं जग. तुमच्याकडे काय होतंय ते फक्त लिहायचं.” मधल्या रांगेची मिळून एक वही होती, आणि एक दोन वेण्यांची, बारीक आवाजाची मुलगी ती लिहीत होती.

पहिली दहा मिनिटं मुलं पुस्तकातलं बोलली. मग एकेकाला चेव आला. “तुम्ही क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवली!” “मग तुम्ही तुर्कस्तानात ठेवली होतीत ना आधी?” वर्गात टाळ्या. मग उत्तरं संपली आणि खडू सुरू झाले. नववीतल्या पोरांचा नेम तो काय! खिडकीकडून भिंतीकडे निघालेला खडू मधेच पडायचा, भिंतीकडून निघालेलाही मधेच. मधल्या रांगेतली मुलं दप्तरं डोक्यावर धरून बसली. एक लाल तुकडा सणसणत येऊन माझ्या कपाळावर बसला.

सरांनी टाळी वाजवली. सगळं थांबलं. ते वाकून रांगारांगांतून तुकडे वेचत हिंडले आणि टेबलावर तीन ढीग केले. खिडकीच्या रांगेत सहा. भिंतीच्या रांगेत चार. मधल्या रांगेत त्रेचाळीस.

“पुस्तकवाले याला शीतयुद्ध म्हणतात,” सर म्हणाले. “का, तर ते दोघं एकमेकांशी थेट लढले नाहीत. आता मधल्या रांगेला विचारा, थंड होतं का?”

मग ते माझ्याकडे वळले. “बाई, तुमच्या कपाळावरही पडलाय. वहीत लिहा.”

मी हसून रुमालानं कपाळ पुसलं. लिहिलं नाही.

तास संपताना त्यांनी सांगितलं, उद्या बाजू बदलायच्या. आजची अमेरिका उद्या रशिया. दरवर्षीचा नियमच होता तो. ज्याला काल खडू मारले त्याची बाजू आज स्वतः मांडायची. मग दोन्ही बाजू वहीत समोरासमोरच्या पानांवर येत. बाहेर पडताना त्यांनी ती मधल्या रांगेची वही माझ्या हातात दिली. “वाचा निवांत. तुम्ही विज्ञानवाल्या, पुरावा कशाला म्हणतात ते तुम्हाला कळतं.”

पण दुसरा दिवस आलाच नाही. म्हणजे शाळेच्या दृष्टीनं आला नाही. अध्यक्षांचा साठावा वाढदिवस होता. नववीची मुलं स्वागतगीत म्हणायला त्यांच्या दुकानापुढच्या मांडवात नेली. ते बघून कार्यवाहांनी त्याच्या पुढच्या दिवशी नववीलाच टेकडीवर झाडं लावायला नेलं. मग शनिवार, रविवार. बाजू बदलायची राहून गेली. खिडकीच्या रांगेच्या वह्यांत नुसता रशिया राहिला, भिंतीच्या रांगेच्या वह्यांत नुसती अमेरिका.

सोमवारी दोन तक्रारी आल्या. एक अध्यक्षांच्या गटातल्या पालकांची. सर मुलांना कम्युनिझम शिकवतात, पुरावा म्हणून खिडकीच्या रांगेतली एक वही. दुसरी कार्यवाहांच्या गटातल्या पालकांची. सर मुलांपुढे अमेरिकेचे गोडवे गातात, पुरावा म्हणून भिंतीच्या रांगेतली एक वही. पहिल्या तक्रारीत असंही लिहिलं होतं की वहीला कव्हरदेखील रशियन मासिकाचं आहे, वर ट्रॅक्टर चालवणारी रशियन बाई आहे. अहो, निम्म्या मुलुंडच्या वह्यांना तेच कव्हर होतं! रद्दीवाल्याकडे तो कागद स्वस्त मिळायचा आणि वर्षभर फाटायचा नाही. अध्यक्षांच्या नातवाच्या भूगोलाच्या वहीवर तर मी स्वतः रशियन बर्फ पाहिला होता.

एकच माणूस एका दिवसात दोन्हींचा हस्तक कसा असेल, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मला वाटलं, दोन तक्रारी एकमेकींना खाऊन टाकतील. मी राजकारणात किती कच्ची होते ते त्यावरून कळावं.

चौकशी शनिवारी दुपारी सभागृहात झाली. त्या हिरव्या कापडाखाली टेबल लावलेलं. टेबलामागे अध्यक्ष, कार्यवाह आणि मधे मोठ्या बाई. आम्ही शिक्षक समोर बाकांवर. सात वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले होते. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास कार्यवाहांकडे सरकवला, कार्यवाह म्हणाले, “आधी तुम्ही.”

सर उभे राहिले. आवाज चढवला नाही. “दोन्ही वह्या अर्ध्या आहेत. बाजू बदलायची होती, ती तुमच्या दोघांच्या कार्यक्रमांमुळे राहिली. मधल्या रांगेची वही मागवा, तिच्यात सगळं आहे.”

“कुठाय ती वही?” अध्यक्ष म्हणाले.

“एका शिक्षकाकडे आहे.”

“नाव सांगा ना मग!”

“नाव मी सांगणार नाही. ज्याच्याकडे आहे त्याला ऐकू येतंय.”

वही माझ्या पिशवीत होती, डब्याखाली. मी सकाळीच ती घेऊन निघाले होते, द्यायची म्हणूनच निघाले होते. हे मी कुणाला पटवण्यासाठी सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते दोन घड्याळांकडे पाहत राहिले. माझी नोकरी अजून कायम नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नाव घेतलं नाही. स्वतःची नोकरी जात असताना!

मग एकेकाला उठवून विचारलं. माझं नाव आलं.

“बाई, घाबरू नका हं,” कार्यवाह गोड आवाजात म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही वर्गात होतात ना?”

“हो.”

“मग बोला ना,” अध्यक्ष म्हणाले. “कुणाच्या बाजूनं शिकवत होते?”

माझ्या हाताला पिशवीतला डबा लागत होता. मी म्हटलं, “मला त्यातलं काही कळत नाही. मी विज्ञान शिकवते.”

“म्हणजे बाई तटस्थ आहेत,” कार्यवाह म्हणाले, आणि दोघंही हसले. मी खाली बसले. त्या दोन वेण्यांच्या मुलीला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावलं असतं तर ती बारीक आवाजात सगळं सांगून गेली असती, इतकी मला खात्री आहे.

निकाल पंधरा दिवसांत लागला. सरांना नोकरीवरून काढलं, आणि कारण दिलं, ‘विद्यार्थ्यांमध्ये फूट पाडणे.’ वाचा पुन्हा एकदा. फूट पाडणे! ज्यांनी एका दगडापायी अख्खी शाळा चिरली, त्यांनी हे शब्द लिहिले आणि खाली शेजारी शेजारी सह्या केल्या. सात वर्षांत त्यांचं एकमत झालं ते यावर. दोघांनाही सर नकोसे होते, कारण ते कुणाचेच नव्हते. मे महिन्यात कोनशिलेवरचं हिरवं कापड निघालं. नावं घासून काढून पुन्हा कोरली, एका ओळीत. पेढे वाटले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच किटली आली आणि सगळ्यांनी तिच्यातला चहा घेतला. मीही घेतला. जूनमध्ये मला कायम झाल्याचा कागद मिळाला, त्यावर त्याच दोन सह्या होत्या.

घरी मी स्वतःला सांगत राहिले की मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही. मी अलिप्त राहिले. आपला देशसुद्धा अलिप्तच आहे की.

सरांनी वर दाद मागितली. त्यांच्या वकिलांचं मला पत्र आलं, सदर वही आपल्याकडे असल्यास द्यावी. तेव्हा तर मी कायम झाले होते, मला कुणी हात लावू शकत नव्हतं. तरी दिली नाही. वही दिली असती तर ती इतके दिवस माझ्याकडे होती हे सगळ्यांना कळलं असतं. भीती संपली होती, आता लाज आडवी आली. पत्राला उत्तर पाठवलं नाही. पुराव्याअभावी सरांचं अपील गेलं.

मग एकोणनव्वद साल. नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर बर्लिनची भिंत फोडताना दाखवली. माणसं भिंतीवर चढून हातोडे मारत होती, रडत होती, मिठ्या मारत होती. आमच्या सोसायटीत लोक म्हणाले, चला, संपलं एकदाचं. मला एकदम सर आठवले. खरं म्हणजे ते कधी विसरलेच नव्हते, त्या दिवशी नुसतं राहवेना. रविवारी सकाळी वही घेऊन मी कांजूरमार्गला गेले.

चाळीतली दोन खोल्यांची जागा. पलीकडे खाडी. खाटेवर रजिस्टरांची चळत. सर जमिनीवर बसून शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत होते. केस पूर्ण पांढरे झालेले. दोन्ही घड्याळं होती हातावर.

“या बाई,” ते म्हणाले, जणू मी काल भेटले होते. “किती वाजले? इथे शिपाई नाही ना, पंचाईत होते.”

“साडेदहा,” मी म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “सर, भिंत पडली.”

“पाहिली. चांगलं झालं. पडायलाच हवी होती.” लाल पेन त्यांनी कानामागे खोचलं. “आता दोघं हात मिळवतील, फोटो काढतील. पण मधल्या रांगेतले खडू कोण उचलणार ते विचारा. अफगाणिस्तानात जाऊन बघा म्हणावं. दोघांची हत्यारं तिथेच पडलीयत, आणि तिथल्या लोकांनी ती आता एकमेकांवर धरलीयत.” बोलता बोलता आवाज चढला, आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

मी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. कव्हरला माझ्या डब्याचा तेलकट डाग पडला होता. त्यांनी ती उघडली आणि पहिल्यापासून वाचली. मला पाठ होतं ते सगळं. ‘आज आमच्या रांगेत त्रेचाळीस तुकडे पडले. मारले कुणी ते दोन्ही रांगा सांगत नाहीत. सर म्हणाले, उद्या खिडकीची रांग अमेरिका होईल आणि भिंतीची रांग रशिया. आम्ही मात्र उद्याही मधेच बसणार आहोत.’

“हुशार पोर,” सर म्हणाले. “काय करते हल्ली?”

“नर्सिंगला गेलीय.”

“वा!” ते खुश झाले. खरोखर खुश झाले. जिच्या एका ओळीवर त्यांची नोकरी वाचली असती, ती ओळ हातात धरून ते त्या मुलीचं कौतुक करत होते. मला ते सहन होईना.

“सर,” मी म्हटलं, “मी कुणाच्याच बाजूनं बोलले नव्हते. खरंच नव्हते.”

“माहीत आहे. पेपर कोरा दिलात तुम्ही.” रागानं म्हणाले नाहीत. तपासनीस सांगतो तसं सांगितलं. “अलिप्त म्हणजे गप्प नव्हे हो बाई. मी मधल्या रांगेलासुद्धा लिहायला लावलं होतं.”

“मग आता लिहिते!” मी जवळजवळ ओरडलेच. “मागची पानं कोरी आहेत. सगळं लिहून देते, माझ्याकडे वही होती, मी दिली नाही, सगळं. खाली सही करते. तुम्ही ते घेऊन पुन्हा वर जा. मी येईन साक्षीला. आता मी कुणाला घाबरत नाही.”

आतून त्यांच्या बायकोनं चहा ठेवल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी शेजारच्या पेपरांतून पट्टी काढली, कानामागचं लाल पेन घेतलं आणि मधल्या रांगेच्या वहीचं पहिलं कोरं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. पान उलटलं. दुसरी रेघ. अकरा पानं होती. घाई केली नाही, एकही रेघ वाकडी गेली नाही. शेवटच्या पानावर सही केली, शाई वाळू दिली, आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

“चहा घेऊन जा,” म्हणाले. “एकाच किटलीतला आहे.”

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही मराठीच्या बाईंकडून, बाजारात.

परवा स्मरणिका मिटली आणि कपाटातून ती वही काढली. ट्रॅक्टरवरची बाई अजून हसतेय, तेलाचा डाग काळा पडलाय. शाळेला पत्र लिहिणार आहे, यादीतलं नाव कुणी गाळलं ते विचारणार आहे, आणि हे सगळंही मी इथे सुट्या कागदांवर लिहिलंय. सुटे कागद कुठेही जातात. खरं म्हणजे ते त्या वहीतच असायला हवं होतं, त्रेचाळीस तुकड्यांच्या खाली. पण तिथे सरांनी मला जागा ठेवलेली नाही.